दिवसा घरी कोण असतं?

कुत्रा आणायचा नाही म्हणजे नाही, असं मी लेकीला तीन महिने सांगत होते. पण ऐकेल तर माझी लेक कसली! चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून दिवसभर काचा घासते आणि घरी आली की माझं डोकं खाते.

"आई, पिल्लू नको आपल्याला. मोठा आणू. मोठे कुत्रे दिवसभर झोपतात."

"हो का? तुला येऊन सांगून गेला वाटतं एखादा?"

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात ओली चादर सारायची, पलीकडून ती कडक होऊन आली की घड्या घालून रचायची. सकाळी नऊला घर सोडते, साडेसहाला परत. लेक माझ्या अर्धा तास आधी निघते आणि माझ्यानंतर येते. मग त्या मुक्या जिवाने करायचं काय दिवसभर? मी केसांचं कारण सांगितलं, चपला कुरतडण्याचं सांगितलं, माझ्या गुडघ्यांचं सांगितलं. खरं कारण मात्र सांगितलं नाही.

ते असं, की लेक सात वर्षांची असताना तिचे बाबा गेले. नोकरी सोडली असती तर खायचं काय? शाळा एकला सुटायची. पोर गळ्यात किल्ली घालून एकटी घरी यायची, झाकून ठेवलेलं जेवायची. साडेसहाला मी दार उघडलं की ही समोर. जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन, शाळेचे बूट पायात तसेच, तोंड दाराकडे. रोज. पाच वर्षं. एवढीशी पोर साडेपाच तास दाराकडे बघत बसते, हे डोळ्यांनी बघायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचं. कशी जायचे ते माझं मला माहीत. तिला कधी विचारलं नाही मी. विचारलं असतं आणि ती "हो, वाट बघते" म्हणाली असती, तर काय करणार होते?

त्या दारामागे आता आणखी एक जीव आणून बसवायचा? मला नाही जमणार. एवढंच होतं माझं म्हणणं.

शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "नुसतं बघून तरी येऊ." शहराबाहेर टाकून दिलेल्या कुत्र्या-मांजरांची एक संस्था आहे, तिथे. मी गेले ते कुत्रा घरी येऊ नये याची खात्री करायला.

आणि हिला सापडला तो नेमका एक पिवळट, जाडजूड, सहा वर्षांचा बाप्या. एक कान उभा, एक पडलेला. मालक घर बदलताना याला इथे सोडून गेला होता. लेक खाली बसली तसा तो आला, तिच्या मांडीवर हनुवटी टेकवली आणि घोरायला लागला. ओळख नाही, देख नाही!

"बघितलंस?" लेक मला कुजबुजत म्हणाली.

"बघितलं. आळशी आहे."

ऑफिसात टेबलामागे एक बाई होती, लेकीच्याच वयाची. तिने फॉर्म काढला आणि विचारत विचारत भरायला लागली. घर स्वतःचं का, मजला कितवा, घरात किती माणसं. मग विचारलं, "दिवसा घरी कोण असतं?"

"कोणी नाही," लेक म्हणाली. "दोघींची पूर्णवेळ नोकरी आहे. साडेनऊ तास तो एकटा असेल. सकाळ-संध्याकाळ फिरवीन मी."

खोटं बोलत नाही माझी पोर. मी मनात म्हटलं, चला, सुटले.

बाईने पेन खाली ठेवलं. "मग नाही जमणार. काकू नोकरी सोडून घरी राहणार असतील तर बघता येईल."

"काकू का सोडतील?" मी म्हटलं.

"नाही, या वयात आता..." असं म्हणून ती हसली आणि लेकीकडे वळली. "राग मानू नका, पण दिवसभर बाहेरच राहायचं असेल तर घरात जीव आणावाच कशाला? त्या बिचाऱ्याला वाटतं, आपल्याला टाकून दिलं. अशा माणसांनी पाळूच नये काही."

खरं तर मी जिंकले होते. गप्प बसायचं, उठायचं, बस पकडायची. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली!

"तुम्ही किती वाजता येता हो कामाला?"

"मी? नऊला."

"आणि जाता?"

"पाचला."

"मग रात्रभर त्याच्याजवळ कोण असतं?"

"गेटवर वॉचमन असतो ना."

"तो पिंजऱ्यात येऊन बसतो का? म्हणजे सोळा तास हा इथे एकटा. आमच्याकडे साडेनऊ. आणि टाकून देणाऱ्या आम्ही?"

"काकू, तसं नाही..."

"तसंच आहे! नोकरी तुम्हीही करता. तुम्ही केली की ती सेवा आणि आम्ही केली की पाप? ही पोर मी अशीच वाढवली आहे. एक दिवसही उगाच रजा न घेता. पाच वर्षं रोज ही दारात बसून माझी वाट बघायची. बघायची! पण टाकली नव्हती मी तिला!"

शेवटच्या वाक्याला आवाज फाटला माझा. लेक माझ्याकडे वळली.

"कोण वाट बघत बसायचं, आई?"

"तू. दुपारपासून. बूटसुद्धा न काढता."

"दुपारपासून?" तिने कपाळावर हात मारला. "अगं, तुझी बस कोपऱ्यावर वळली की तिचा ब्रेक केवढ्याने किंचाळायचा! तो ऐकला की मी बूट घालून पळत येऊन बसायचे. तीन मिनिटं, फार तर चार."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी माझं राज्य! रेडिओ मोठ्याने लावून तुझ्या पलंगावर उड्या. तुझी पावडर फासायची. शाळा-शाळा खेळायचं, उशांना छड्या मारायच्या."

"मग दारात कशाला येऊन बसायचीस?"

ती जरा ओशाळली. "तू बिस्किटं आणायचीस ना. तोंड जितकं बारीक, तितकी क्रीमची जास्त. एकदा विसरले बसायला, तर तू आलीस तशी सरळ भाजी चिरायला लागलीस. मला काहीच नाही."

सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं मी ते तोंड उराशी धरून झोपले, आणि ही भवानी क्रीमच्या बिस्किटांसाठी नाटक करत होती. हसावं की तिच्या मुस्काटात ठेवून द्यावी, कळेना. मी रडले. टेबलावरच, त्या बाईसमोर.

"एकटं कधी वाटलंच नाही तुला?" नाक पुसत मी विचारलं.

"वाटलं की. ताप आला होता तेव्हा वाटलं. रोज नाही वाटायचं." आणि मग हळूच म्हणाली, "तू येणार हे माहीत होतं ना मला."

मी फॉर्म माझ्याकडे ओढला. 'दिवसा घरी कोण असतं' यापुढे माझ्या हाताने लिहिलं, 'कोणी नाही. दोघी कामाला जातो.' खाली सही ठोकली आणि म्हटलं, "जा, तुमच्या वरच्यांना दाखवा. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी बाहेर येऊन माझ्या तोंडावर म्हणावं."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती जरा नरमून. पंधरा दिवस घेऊन जा म्हणाली, एकटा राहिला तर तुमचा, रडला-ओरडला तर परत आणा.

सोमवारी सकाळी लेक त्याला फिरवून आणून कामावर गेली. घरात तो आणि मी.

लेक लहान असताना तिला शाळेच्या सुट्ट्या असायच्या तेव्हा ती आंघोळीला गेली की मी निघायचे. चपला हातात घेऊन, दार आवाज न करता ओढून, चोरासारखी. तिच्या डोळ्यांत बघून 'जाते' म्हणायची ताकद कधी झालीच नाही.

या वेळी मी खोलीच्या मधोमध उभी राहून चपला घातल्या. त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मी कामाला चालले आहे. साडेसहाला येईन." त्याने शेपटी दोनदा आपटली. मग दार चांगलं जोरात लावलं.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. "अगंबाई, कुत्रा आणलात? आणि आता दिवसभर एकटाच का तो?"

"एकटाच," मी म्हटलं, तीन मजल्यांना ऐकू जाईल असं. "आम्ही कामाला जातो." आणि मान वर ठेवून जिना उतरले.