वीस व्होल्टच्या पलीकडे

तिने व्होल्टेजची घुंडी पंधरावर आणून ठेवली आणि हात मागे घेतला. बाबांनी मान वर न करताच सांगितलं,

“चोवीस कर.”

विज्ञान केंद्राच्या गोल दालनात रंगीत तालीम चालली होती. मधोमध हवेत विजेच्या लांब ठिणग्या सोडणारी बाबांची टेस्ला कॉइल उभी होती, माणसाहून उंच, डोक्यावर ॲल्युमिनियमचं कडं. दुसऱ्या दिवशी तिचा पहिला जाहीर प्रयोग होता आणि त्यानंतर ती कायमची केंद्राची होणार होती. ती सांभाळायला एक माणूस नेमायचा होता. बाबा सांगतील तो, असं संचालकबाईंनी कबूल केलं होतं. मुलगी त्याच भरवशावर आधीची नोकरी सोडून आली होती. दुसरं होतं तरी कोण? लोकांना अडवणारी दोरी धरायला आलेला आतेभाऊ. याचं सोल्डर तारेला सोडून सगळ्याला चिकटतं, असं त्याच्याबद्दल बाबाच म्हणत.

ती हळूच म्हणाली, की कॉइल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या गेटची, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाची, मर्यादा वीसची आहे. शिवाय प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज क्षणभर उसळतं, म्हणजे चोवीसचे तीस सहज होतील, आणि गेटखालचा पातळ पापुद्रा तेवढं सोसणार नाही. बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण गेटला जास्त दिलं की ट्रान्झिस्टर जास्त करंट सोडतो आणि ठिणगी लांब जाते, हेही त्यांनीच शिकवलं होतं, आणि संचालकबाई समोर उभ्या होत्या.

“आईवर गेलीय,” ते बाईंना म्हणाले. “तिचाही काडी ओढताना हात थरथरायचा. आमच्याकडे चहा व्हायचा तो शेजाऱ्यांच्या कृपेने.”

बाई हसल्या. आतेभाऊही हसला, त्याला हसायला कारण लागत नसे. आईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. तिने घुंडी चोवीसवर नेली.

ठिणगी पार कठड्यापर्यंत गेली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. काहीही जळलं नाही, काहीही उडालं नाही.

“पाहिलंस?” बाबा म्हणाले.

तिने पाहिलं होतं, पण तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. लहान असताना तिच्या हातून एकदा एका ट्रान्झिस्टरची अशीच मर्यादा ओलांडली गेली होती. मीटरने तो ट्रान्झिस्टर चांगला ठरवला, तरी बाबांनी कटर घेऊन त्याचा गेटचा पाय कापून टाकला. मीटरला जखम दिसत नाही, ते म्हणाले होते. हा आज चालेल, उद्या चालेल आणि परवा चारचौघांत तोंडघशी पाडेल. मग तो कचऱ्यात टाकायलाही तिलाच लावलं. ती रडत रडत टाकून आली होती.

सकाळी ती पोचली तेव्हा बाबा आधीच कॉइलपाशी बसलेले होते. घुंडी पंधरावर होती. एका रात्रीत वाघाची शेळी झाली, असं तिच्या मनात आलं आणि बरं वाटलं. त्यांच्या अंगठ्याच्या नखात पांढरं काहीतरी अडकलं होतं. दाढीचा साबणसुद्धा यांना धड धुता येत नाही.

“चारही ट्रान्झिस्टर एकदा बघून घे,” ते म्हणाले. त्यांचा इतका मऊ आवाज तिने आईच्या आजारपणातही ऐकला नव्हता.

नवे ट्रान्झिस्टर तिच्या गुडघ्याशी, खणात होते. बदलायला वेळही होता. तिने वाकून कॉइलमधल्या एकेकाला मीटरच्या सळ्या लावल्या, पण तिचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. भरलेलं दालन, पहिलीच ठिणगी, फट्‌दिशी आवाज, आणि हात वर करून तसेच उभे राहिलेले बाबा. तिला ते चित्र फार आवडलं.

“ठीक आहेत ना?”

“मीटर तर ठीक म्हणतंय.”

“म्हणजे बदलायला नकोत?”

“कशाला?” ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग उठून कोट चढवला.

प्रयोगाला दालन खचाखच भरलं. पहिल्या ठिणगीला तिने श्वास रोखून धरला, दुसरीलाही. पुढे तिने तो नाद सोडला. कॉइल शेवटपर्यंत शहाण्यासारखी चालली. ठिणगी कालच्यापेक्षा आखूड होती, पण लोकांनी काल कुठे पाहिली होती! शेवटी बाबांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं, की यापुढे कॉइल त्यांचा भाचा सांभाळेल. भाचा म्हणजे आपणच, हे आतेभावाच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. बाबांनी तिचेही आभार मानले, खुर्च्या मांडणाऱ्यांबरोबर.

दालन रिकामं झाल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाबा जमिनीवर बसून तारा गुंडाळत होते.

“त्याला काय कळतं यातलं?”

“काही नाही,” बाबा म्हणाले. “म्हणून विचारेल तरी. हत्यारं भर.”

तिने हत्यारांची पेटी उघडली. वरच्याच कप्प्यात, कागदावर, चार ट्रान्झिस्टर ओळीने मांडलेले होते. त्यांच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट अर्धवट पुसलेली होती. प्रत्येकाचा गेटचा पाय मुळापासून कापलेला होता. तिला सकाळचं ते नख आठवलं. सकाळी तिने मीटर लावलं ते सगळे नवेच होते.

ती वळली नाही. मागे तारा गुंडाळल्याचा आवाज थांबला.

“चांगले असतील,” बाबा म्हणाले. “मीटर लावून बघ.”