रंगाखाली मुरलेली ओल

मी ओल बोलतेय. नाक मुरडा खुशाल, मला सवय आहे. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक वन रूम किचन आहे. तिथल्या दिवाणामागच्या भिंतीत गेली सोळा वर्षं माझा मुक्काम. आता निघायची वेळ आलीय, म्हणून चार शब्द बोलून घेते.

माझा जन्म एसीच्या भोकातून झाला. मार्तंडरावांनी हे घर पंचवीस वर्षांच्या कर्जावर घेतलं. पाचव्या वर्षी, ऐन मे महिन्यात, एसी आला. बसवणाऱ्याने भिंतीला भोक पाडलं, पाइप सरकवला, आतून पांढरं सिमेंट फासलं आणि चहा पिऊन गेला. बाहेरून भोक बुजवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग काय, पावसाळ्यात पाणी हळूच आत शिरलं. पहिल्या वर्षी मी रुपयाएवढी होते हो!

मला पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या लेकीने, रेवतीने. "आई, भिंतीला कासव आलं!" उत्तराबाई खळखळून हसल्या. मार्तंडराव नाही हसले. पाहुण्यांना दिसेल म्हणून त्यांनी माझ्यावर कॅलेंडर टांगलं. मी वाढत गेले, तशी घरात दरवर्षी मोठी कॅलेंडरं येऊ लागली.

तरी मी हटेना, तेव्हा रंग सुरू झाला. दसरा झाला की डबा आणायचा. भिंत आतून ओलीच्च, पण दिवाळीला घर कसं चकाचक दिसायला हवं ना! अहो, ओल्या अंगावर कोरा सदरा चढवून कुणाचं अंग सुकलंय का? नाताळपर्यंत रंगाचे फुगे यायचे, पापुद्रे दिवाणावर पडायचे. "डबाच खोटा निघाला," मार्तंडराव म्हणायचे. पुढच्या दसऱ्याला दुसरा डबा.

माणूस वाईट नव्हता. बोनस आला की सगळाच्या सगळा कर्जात भरून यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "उत्तरा, चार महिने कमी झाले गं!" मग शिरा व्हायचा. तुपात भाजणाऱ्या रव्याचा तो वास मला अजून आठवतो. तिघं माझ्याशेजारी बसून खायची, रेवती कढई खरवडायची. फार गोड दिवस होते ते. कर्ज लवकर फेडा, जरूर फेडा. पण त्यातला घासभर भिंतीसाठी ठेवला असता, तर पुढचं टळलं असतं.

आमची थंडी म्हणजे काय, कानटोपी घालायची हौस! पण हे लोक खिडक्या गच्च लावून बसतात आणि कपडेही घरातच वाळत घालतात. माझी चंगळ व्हायची. आणि उत्तराबाई खोकायच्या. दिवाणावर, माझ्याच कुशीला झोपायच्या ना त्या. आधी नुसता खोकला होता, पुढे छाती वाजायला लागली, मग पर्समध्ये दम्याचा पंप आला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात ओल आहे का?" मार्तंडराव म्हणाले, "छे, आत्ताच रंग दिलाय. हवा बदललीय, दुसरं काही नाही." ते पाप माझं होतं. मला कळत होतं, आणि लाजही वाटत होती.

गेल्या दिवाळीनंतर कर्ज फिटलं. मार्तंडराव बँकेतून घराचे मूळ कागद घेऊन आले. काम चोख! एकेक कागद यादीशी ताडून घेतला, कर्ज फिटल्याचं पत्र घेतलं, सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंदही काढायला लावली. आणि एवढं करून ते कागद ठेवले कुठे? मला चिकटलेल्या कपाटात. वीस वर्षं कोरड्या तिजोरीत राहिलेला करारनामा महिन्याभरात माझ्या तावडीत सापडला. कडा वाकड्या झाल्या, एका पानावर काळे ठिपके उठले.

ते ठिपके पाहिले मात्र, मार्तंडराव ताडकन उठले. "वाट लागली! गवंडी कुठे मिळेल? आत्ताच्या आत्ता आणतो!"

उत्तराबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"इतकी वर्षं माझी छाती वाजतेय, तेव्हा म्हणालात हवा बदलली. आज कागदाला डाग पडला, तर चपला घालून निघालात?"

मार्तंडराव उंबऱ्यातच थांबले. मग दिवाणावर येऊन बसले. म्हणाले, "चुकलं गं माझं." बाई पुन्हा पोळ्या लाटायला गेल्या.

लवू गवंडी आला. बाहेरून दोरावर लटकून त्याने भोक पाहिलं, त्यात रुजलेलं पिंपळाचं रोप पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "साहेब, रोग भायर आसा, नि तुम्ही पावडर आत फासतास!" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! त्याने रोप मुळासकट काढलं, भोक आणि मुळांनी पडलेली चीर बाहेरून बुजवली. आतून माझ्यावरचे इतक्या वर्षांचे रंग खरवडले. जाताना बजावलं, "म्हयनोभर रंगाचो डबो उघडू नकात. भिंत सुकांदे."

नेमकी त्याच महिन्यात रेवतीच्या लग्नाची बोलणी ठरली. देवव्रत आणि त्याचे आईबाबा मुलुंडहून येणार होते. रेवती काकुळतीला आली. "बाबा, निदान पडदा तरी लाव ना. काय म्हणतील ते?"

"नको," मार्तंडराव म्हणाले. "वारा लागू दे तिला."

पाहुणे आले. खिडक्या सताड उघड्या, मागे उघडीबोडकी भिंत. देवव्रतच्या आईची नजर गेलीच. पाहुण्यांपुढे कधी डाग दिसू न देणारे मार्तंडराव उठून माझ्यापाशी उभे राहिले.

"भिंत सुकतेय. आजवर लोक काय म्हणतील म्हणून मी रंग लावत राहिलो, आणि ही खोकत राहिली. आता लग्न या भिंतीनिशी झालं तरी चालेल, पण हिची छाती मोकळी व्हायला हवी."

उत्तराबाई चहाचा ट्रे तसाच घेऊन पुन्हा आत गेल्या. दारातून मला दिसलं, त्या पदराने डोळे टिपत होत्या.

आता मी कोपऱ्यात हातभर उरलेय. रोज थोडी आटतेय. वाईट वाटतं, का नाही वाटणार? याच घरात वाढले मी. पण तुम्हाला हात जोडून सांगते, तुमच्या घरी माझी बहीण दिसली, तर तिच्यावर रंग फासू नका. आधी बाहेर जाऊन पाणी कुठून शिरतंय ते बघा. थंडीचे कोरडे दिवस हातचे दवडू नका. आणि घरात कुणी खोकत असेल, तर हवेला बोल लावण्याआधी भिंतीला हात लावून पाहा.

काल होणाऱ्या जावयाचा, देवव्रतचा फोन आला होता. तो काहीतरी चेष्टेचं बोलला आणि उत्तराबाई हसल्या. शेवटपर्यंत हसल्या, मध्ये खोकला आला नाही. मार्तंडराव पेपर खाली ठेवून नुसते ऐकत बसले होते.