कळीचा एक्स-रे

आईने कुंडी थेट एक्स-रेच्या टेबलावर आडवी निजवली आणि सांडलेली माती फुंकरीने उडवली.

"नुसती कळी आणली असतीस तरी चाललं असतं," मुलगी म्हणाली.

"माझ्या झाडाला कात्री? अगं, मी एकदा डोळे वटारले तर हे पान गाळायचं थांबतं."

तिळाचा ताड करायची आईला जुनी खोड. मुलगी मात्र मोजूनमापून बोलणारी. दातांच्या मुळांतल्या बारीक भेगा शोधण्यात तिची हयात गेली. उरल्या वेळात त्याच मशीनवर ती फुलांचे फोटो काढायची. उद्या त्या फोटोंचं पहिलंवहिलं प्रदर्शन, आणि भिंतीवर मधली जागा अजून रिकामीच. जुनं मशीन आजच भंगारात चाललेलं. ते न्यायला आलेली माणसं दाराबाहेर चहा पीत होती. आईच्या झाडाने कित्येक वर्षांनी ही एकुलती एक कळी धरली होती, आणि मधोमध आपलंच झाड लागणार म्हणून आईने सगळ्या इमारतीला आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"आता बाहेर थांब."

"मला काय होतंय? माझी हाडं बघून किरणंच माघारी फिरतील."

"आई, बाहेर."

फिल्म धुऊन तिने उजेडाच्या काचेवर लावली. पाकळीच्या आत पाकळी, धुरासारखी तलम, मिटलेली. इतकं सुंदर तिला आजवर जमलं नव्हतं. आणि खाली देठ तिरका मोडलेला. त्या मोडीतून आरपार गेलेली, पांढरीशुभ्र सुई.

मोडक्या दाताच्या मुळात खिळा रोवून वर दात बसवायला तिने किती जणांना शिकवलं होतं. घरात हे काम आणखी कुणाला तरी येतं, याचा तिला पत्ताच नव्हता.

"मॅडम, उचलायचं का मशीन?" बाहेरून आवाज आला.

तिने काचेवरच्या सुईकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"उचला."

माणसांच्या मागोमाग आई आत आली. काचेपुढे उभी राहिली. तिने पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे मधलं पांढरं काय गं?" तिने हळूच विचारलं.

"शीर आहे."

"एवढी सरळ?"

"जातिवंत झाडांना असते."

आईने लेकीकडे नीट पाहिलं. मग कुंडी उचलून कडेवर घेतली.

"उद्या लोकांना हे तूच सांग," ती म्हणाली. "माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही."