सात सुवर्णपदकं आणि एक ठोसा

हर्सूलच्या रामेश्वरचा ठोसा म्हणजे ठोसा होता, राव. वाळूचं पोतं फाटायचं. पण सगळ्या जिल्ह्यात त्याच्या वजनाचा दुसरा मुष्टियोद्धाच नव्हता. दरसाल जिल्हा स्पर्धेत हा एकटा रिंगणात चढायचा, पंच त्याचा हात वर करायचे आणि सुवर्णपदक गळ्यात पडायचं. अशी सात पदकं झाली. राज्य स्पर्धेचं विचारलं की त्याला शिकवणारे सर्जेराव सर म्हणायचे, "पुढच्या साली." सरावात ते कुणाला याच्या तोंडाला हात लावू द्यायचे नाहीत. माल जपून ठेवला होता म्हणे. कुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

यंदा नोकरीसाठी खेळाडूंच्या राखीव जागेवर रामेश्वरनं अर्ज केला. कारकुनानं सातही कागद परत सरकवले. "लढून जिंकलेलं एक तरी आण. ही नुसती उभं राहायची बक्षिसं आहेत." पुढच्या साली वय निघून जाणार होतं.

मग त्यानं शेंद्र्याच्या सांडूला गाठलं. बालपणीचा दोस्त, पोती उचलून पोट भरणारा, अंगानं याच्याच वजनाचा आडदांड, स्वभावानं गरीब गाय.

"तू स्पर्धेत नाव दे. मी हळूच मारतो, तू पड."

"लागंल का रे?"

"नाय लागत."

खोटारडा कुठला. रिंगणाभोवती माणसं दिसली आणि सात वर्षांची भूक उसळली. पहिलाच ठोसा त्यानं जीव खाऊन मारला. सांडूचं नाक फुटलं. पडायचं राहिलं बाजूला, कळवळून त्यानं आंधळा हात फिरवला. तो रामेश्वरच्या जबड्यावर बसला.

आयुष्यातला पहिला मार. फार जोराचाही नव्हता. पण रामेश्वरनं तोंड झाकलं, पाठ फिरवली आणि गुडघे टेकले. उठलो की पुन्हा लागेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. लाज वाटत होती, तरी पाय हलेनात.

पंच आकडे मोजू लागले. कोपऱ्यातून सांडू रक्तानं भरल्या तोंडानं विनवत होता, "राम्या, ऊठ की. मी पडतो ना." आणि शब्दाला जागून तो खरंच तिथं आडवा झाला. तोवर दहा आकडे संपले होते. पंचांनी त्यालाच दंड धरून उठवलं आणि त्याचा हात वर केला.

संध्याकाळी नाकात कापूस घालून सांडू प्रमाणपत्रासह दारात उभा राहिला.

"लढून जिंकलेलं हाय बघ," तो म्हणाला. "यावर तुझं नाव घालून देत्याल का, इचारू?"

रामेश्वरनं त्या फुटक्या नाकावरच दार लावून घेतलं.