वाघजाईची राई

बनाबाईनं समोर आलेला पाण्याचा तांब्या हातानंच मागं सारला.

"राहू दे गं फुला," चुलीपुढून द्वारकाबाई सुनेला म्हणाली. "त्यास्नी चालायचं न्हाय."

एवढंच. पुन्हा म्हणून आग्रह नाही. लेकीला मूल होईस्तोवर आईनं तिच्या सासरचं पाणीसुद्धा तोंडात घालायचं नाही, हे बनाबाईला कुणी शिकवायला नको होतं. ती पिंपळीहून दशम्या बांधूनच निघाली होती. पण म्हणून काय विहिणीनं एकदासुद्धा 'घ्या की' म्हणू नये? नको म्हणायला तरी माणसाला आग्रह लागतोच की. बनाबाईला ते फार लागलं.

तशी ती आली होती तीच मुळी भांडायच्या तयारीनं. तिच्या नवऱ्यानं, महिपतीनं, धरणाच्या कामावर असताना या डोंगरातल्या एका माणसाशी दोस्ती केली आणि त्या दोस्तीपायी पाटाच्या पाण्यावर वाढलेली पोर त्याच्या घरात देऊन टाकली. लग्नाला वर्ष होत आलं. फुला वाळली, पावसाळाभर जळवा अंगाला चिकटतात, घरामागं वाघ ओरडतो, असं कोण कोण येऊन सांगे आणि बनाबाईचा जीव थाऱ्यावर राहत नसे. शेवटी गावचा अल्लाबक्ष आणि त्याची बायको सितारा गुळाची गाडी घेऊन भोरच्या बाजाराला निघाली, तशी हीही गाडीत चढून बसली. येताना लेकीला घेऊनच येणार, असं महिपतीला तोंडावर सांगून. गाडीत फुलापुरती जागा ठेव, असं तिनं सिताराला बजावलंही होतं.

"फुला, आईला राई दाखवून आण," द्वारकाबाई म्हणाली. "खिंडीकडनं जा. धरणाचं पाणी दिसंल."

झालं! दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी झालेल्या बाईला बसा म्हणायचं सोडून डोंगर चढायला लावलं. बनाबाई मुकाट्यानं उठली, पण मनातल्या मनात विहिणीचा उद्धार करत होती.

फुला पुढं सरसर चढत होती. वाळली होती खरी. पण तिला दम लागत नव्हता, दम लागत होता आईला.

"लय राबवून घेत्यात का गं?"

"काम कुठं नसतंय, आये?"

"आन् तुजा नवरा? मानसिंग हात उचलतो का?"

फुला थांबून हसायला लागली. "त्यांचा? बैलावर सुदीक उठत न्हाय त्यांचा हात."

हे हसणं खरं, की आईला बरं वाटावं म्हणून, ते बनाबाईला कळेना. लेकी आईला सगळं सांगत नाहीत. तिनं तरी कुठं आपल्या आईला सांगितलं होतं?

खिंडीत पोचल्यावर खाली धरणाचं पाणी दिसलं. डोंगरांच्या मधोमध, लांबवर पसरलेलं.

"ह्येच पाणी पाटानं आपल्या उसाला जातंय," फुला म्हणाली. "तुजी लय आठवण आली की मी हितं येऊन बसती."

बनाबाईला भरून आलं. तिनं लेकीचा हात धरला. "चल माज्यासंगं. गाडीत जागा हाय. चार म्हयने ऱ्हा, मग बगू."

उन्हाकडं बघून फुला म्हणाली, "आता राईत जाऊ या."

पोरीला यायचंय, पण सासूचा धाक आहे, असं बनाबाईनं धरून टाकलं.

राईच्या तोंडाशी फुलानं तिला वहाणा काढायला लावल्या. "वाघजाईची राई हाय. हितली वाळली काटकी बी कुणी बाहीर न्हेत न्हाय." आत गेल्यावर बनाबाई मान वर करून बघतच राहिली. दोघींच्या कवेत मावणार नाहीत असले हिरडे आणि जांभळी, मांडीएवढ्या वेली, आणि भर दुपारी पायाखाली गार माती. एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर उडी टाकून गेलं. पिंपळीत असली झाडं आठवडाभरसुद्धा उभी राहिली नसती, सरपणाला गेली असती. थकवा उतरला तशी ती थोडी खुशीतही आली, पण विहिणीचं नाव तिनं काढलं नाही.

पुढं देवीचा तांदळा, शेंदूर लावलेला अनघड दगड, होता आणि त्याच्यापुढं हात जोडून द्वारकाबाई बसली होती.

जवळच्या पायवाटेनं ती आधीच येऊन पोचली होती. घरून डोक्यावर सरपण आणून राईबाहेर तिनं तीन दगडांवर नव्या आंबेमोहोराचा गुळभात शिजवला होता. देवीला नैवेद्य दाखवून झाल्यावर तिनं एक पत्रावळ बनाबाईपुढं मांडली.

"विहीणबाई, ह्यो काय माज्या घरचा घास न्हाय. वाघजाईचा परसाद हाय. ह्याला नको म्हनता येत न्हाय."

बनाबाईनं फुलाकडं पाहिलं. फुला सासूकडं बघत होती आणि दोघी हसू दाबत होत्या.

"भात शिजायला येळ लागतोय," फुला म्हणाली. "आत्याबाईंनी म्हनून लांबच्या वाटंनं आनाया सांगितलं."

"घरात तुमच्या मागं लागले असते," द्वारकाबाई म्हणाली, "तर तुमी एखादी शपथ घालून मोकळ्या झाला असता. मग हितं बी पंचाईत. म्हनून गप बसले."

बनाबाईनं पहिला घास घेतला. भात मऊ होता, तुपाचा वास येत होता. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. वर्षभर पोटात धरलेला राग आता शोधून सापडेना.

मग द्वारकाबाई खाली बघत म्हणाली, "फुलाला न्यायला आलाय, मला ठावं हाय. न्या. मी आडवी येनार न्हाय. घर तेवढं खायला उठंल."

फुला दोघींकडंही बघत नव्हती.

"न्यायला येईन की," बनाबाई म्हणाली. "पयल्या बाळतपणाला."

फुलानं तोंडाला पदर लावला. बनाबाईनं बोटं चाटली आणि रिकामी पत्रावळ लेकीकडं नाही, विहिणीकडं सरकवली.

"वाढा अजून."