शेवटचा प्रवेश, लिहिला तसा

बाबा जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला अलेक्झांड्रियातल्या त्यांच्या जुन्या नाटकमंडळीनं त्यांचं शेवटचं नाटक करायचं ठरवलं. शेवटचा प्रवेश त्यांनी लिहिला तसा व्हावा, निदान एकदा, एवढंच माझं मागणं होतं. आई मुलूखियाची भाजी निवडत बसलेली असते. मुलगा समुद्रात बुडाल्याची बातमी येते. ती निवडत राहते. बराच वेळ काहीच नाही. मग सुनेला उद्देशून एकच वाक्य, आणि पडदा.

या आईचं काम दौलतखालांकडे होतं. माझ्या जन्माआधीपासून त्या याच रंगमंचावर मरत, छाती पिटत, आंधळ्या होत आणि शेवटच्या अंकात दृष्टी परत मिळवत आल्या होत्या. पहिल्या तालमीला त्यांनी भाजी भिरकावली, गालांवर थपडा मारून घेतल्या आणि व्हायोलिनवाला कुठं आहे म्हणून विचारलं. मी त्यांना शोकांतिका आणि रडारडीचं नाटक यांतला फरक समजावला. एकात प्रेक्षक रडून मोकळा होतो, दुसऱ्यात त्याला मोकळं होता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या तालमीला शिवाय बेशुद्धही पडल्या.

तिसऱ्यांदा माझा आवाज चढला.

"पोरी, लोक रडायला येतात," त्या म्हणाल्या. "ते नाही मिळालं तर उपाशी परत जातात."

"बाबांनी रडणं लिहिलेलं नाही, खाला."

"तुझ्या बाबांनी पुष्कळ काही लिहिलं नाही. मी करायचे आणि ते विंगेत उभं राहून हसायचे."

हे खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला.

"ही नाटकातली बाई तुझ्यासारखी आहे," त्या पुढे म्हणाल्या. "बाबा गेले तेव्हा लोक भेटायला येत होते आणि तू कोरड्या डोळ्यांनी बिनसाखरेची कॉफी वाटत होतीस. बायका काय बोलत होत्या, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. मी म्हटलं, "भाजी निवडा."

प्रयोगाला नाट्यगृह भरलं. दौलतखाला आल्या तशा टाळ्या पडल्या, आणि नाटक थांबवून त्यांनी चारी दिशांना मान लववली. मी दात आवळून विंगेत उभी राहिले. पण शेवटच्या प्रवेशात बातमी आली आणि त्या खरोखरच निवडत राहिल्या. एकेक पान परातीत पडत होतं. खोकणारे गप्प झाले. बाबांना हवी होती तीच शांतता, या गावात, या बाईकडून.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले शौकतकाका उठले आणि त्यांनी दोन्ही तळवे वर केले. चाळिसाव्याचा कार्यक्रम, आणि रंगमंच गप्प झालेला. म्हणजे गेलेल्यासाठी फातिहा पढायची वेळ झाली, असं त्यांना वाटलं. बघता बघता सगळं नाट्यगृह उभं राहिलं. आमच्या शेजारच्या कॉप्ट ख्रिस्ती बाईंनी छातीवर क्रूस काढला. पुटपुटणं झालं, तळवे चेहऱ्यांवरून फिरले, आमीन झालं, आणि लोक मला भेटायला विंगेत आले.

"त्यांचं उरलेलं आयुष्य तुला लाभो," एकेक जण म्हणत होता. मी प्रत्येकाला सांगत होते, कृपा करून बसा, अजून एक वाक्य आहे. ते माझ्या खांद्यावर थोपटत होते. दुःखात माणूस काहीबाही बोलतं, असं एक बाई दुसरीला म्हणाली, आणि तेही मला ऐकू जाईल असं.

सगळे पांगले. दौलतखाला अजून परातीपाशीच होत्या.

"चला खाला, संपलं."

"संपलं कसं? माझं वाक्य राहिलंय. समोर जाऊन बस."

मी खाली उतरून पहिल्या रांगेत बसले. त्यांनी आणखी एक देठ उचललं, पानं खुडली. मग मान वर न करता, घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "भात आज थोडा कमीच लाव."

पडदा ओढायला कोणी नव्हतं, आणि मला उठता येईना.