ढब्बूचा एकट्याचा फोटो

ताईने ढब्बूचा हात घट्ट दाबला आणि ओठ न हलवता सांगितलं, "हसायचं नाही. ती काहीही करू दे."

"गुदगुल्या केल्या तर?"

"तरी नाही."

संस्थेच्या जेवणाच्या खोलीतली बाकं आज भिंतीला सरकवली होती. मध्ये पांढरा पडदा, त्यापुढे एक स्टूल आणि स्टुलासमोर गुडघे टेकून बसलेली फोटोवाली. ती कुणालाच 'हस' म्हणत नव्हती, ताईला भीती त्याचीच होती. एखाद्या मुलीला ती विचारायची, "काय काका, आज ऑफिसला दांडी?" एखाद्याचा बूट हुंगून बेशुद्ध पडायची. मुलं रडवेल्या तोंडाने स्टुलावर चढत आणि खिदळत उतरत. आता रांगेत फक्त हे दोघं भाऊ-बहीण उरले होते.

मागच्या वेळी पिटुकली अशीच हसली होती, पडलेल्या दातांसकट. मूल हवं असलेल्या घरांना संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तो फोटो पाठवला आणि एक दिवस फाटकात गाडी आली. पिटुकली नवा फ्रॉक घालून गेली. तिचा भाऊ इथेच राहिला. अजूनही तो फाटक दिसेल अशाच जागी जेवायला बसतो.

"चला, पुढचे साहेब!"

ढब्बू स्टुलावर चढला. ताई त्याला दिसेल अशी पडद्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने डोळे वटारले. ढब्बूने गाल आत ओढून धरले.

फोटोवालीने त्याचा बूट हुंगला. काही नाही. मग स्वतःच्याच डोक्यावर टोपीसारखी पिशवी घातली. ढब्बूची हनुवटी थरथरली, पण ताईकडे बघून त्याने स्वतःला सावरलं. मग फोटोवालीला शिंक येऊ लागली, येते येते म्हणताना गेली. तिने पडेल चेहऱ्याने ढब्बूकडे पाहिलं.

"माझी शिंक तू घेतलीस ना रे?"

ढब्बू फस्सकन हसला. कॅमेरा वाजला.

ताईने धावत जाऊन त्याला स्टुलावरून ओढलं.

"पुसून टाका तो! आत्ता पुसा!"

"का गं?"

ताईने ढब्बूला आपल्या मागे लपवलं.

"हसलं की गाडी येते," ढब्बूने सांगितलं. "आणि एकालाच नेते."

फोटोवाली उठता उठता तशीच थांबली. शेजारच्या खोलीतून मोठ्या बाईंचा फोनवरचा आवाज येत होता. तिने तिकडे पाहिलं.

"तू बस आधी," ती ताईला म्हणाली. "त्याला मांडीवर घे. लवकर."

स्टूल एकाच्याच मापाचं होतं. ढब्बू घसरला. "अगं, धर त्याला!" ताईने दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं, त्याने तिच्या गळ्याला मिठी मारली आणि त्याचं गार, ओलं नाक तिच्या मानेत घुसलं. कॅमेरा वाजला. पुन्हा वाजला.

मोठ्या बाई आल्या त्या चष्मा पुसतच.

"छोट्याचा झाला?"

फोटोवालीने कॅमेरा पुढे केला.

"छान आहे. पण एकट्याचा दाखवा. लहान आहे, त्याला घर मिळेल. दोघांना एकदम कोण नेणार?"

"एकट्याचा हसरा एकही निघाला नाही."

ताईने ढब्बूचा हात दाबला.

"मग यातून हिला कापा."

"कुठून कापू, तुम्हीच सांगा."

मोठ्या बाईंनी कॅमेरा हातात घेतला. त्यांचा अंगठा बटणांपाशी गेला. त्यातलं एक दाबलं की आधीचा फोटो दिसतो, हे ताईने सकाळपासून पाहिलं होतं. अंगठा बटणावरच थांबला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ढब्बूचा गाल तिच्या गालात रुतला होता आणि कुठला हात कुणाचा ते कळत नव्हतं.

"ही पण हसतेय की," मोठ्या बाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

आपण कधी हसलो, ते ताईला आठवेना.

मग मोठ्या बाईंनी बटण न दाबताच कॅमेरा परत दिला. "बरं. दोघांचाच पाठवा."

"हो," एवढंच म्हणून फोटोवाली कॅमेऱ्याचं झाकण लावू लागली. ते तिच्या हातून निसटलं. तिने उचललं, पुन्हा निसटलं आणि घरंगळत गेलं.

ताईने ते उचलून तिच्या हातात दिलं.